जागचा न हललेला ठिपका

“ताई, गळतंय ना?”

प्रश्न एक्स-रेच्या टेबलावरून आला. सविताताई डाव्या कुशीकडे अर्धवट वळून झोपल्या होत्या. पाठीमागे तिरका फोम लावलेला, अंगात हॉस्पिटलचा निळा गाऊन. मी आणि आमचे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे बघून निदान करणारे डॉ. काळे सर, काचेच्या अलीकडे, कंट्रोल रूममध्ये होतो. पेशंटला सूचना द्यायला तिथे माईक असतो. तो चालूच राहिला होता. सर मॉनिटरवर बोट ठेवून हळूच म्हणाले होते, “हा लीक दिसतोय.” तेवढं त्यांना ऐकू गेलं.

मी माईकजवळ तोंड नेलं. “अजून तपासणी संपलेली नाही. हलू नका.”

“हलत नाही. पण लहान पोराला सांगतात तसं मला सांगू नका.”

मी निगडीतल्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक्निशियन आहे. लोकांना वाटतं, आमचं काम बटण दाबायचं. “श्वास घ्या, रोखा, सोडा” एवढं म्हणता आलं की झालं. हाडाचा फोटो काढताना ते थोडंफार खरंही आहे. पण आतड्याचा फोटो काढायचा तर गोष्ट वेगळी. आतडं मऊ असतं. एक्स-रे त्यातून आरपार जातो, त्यामुळे फोटोत ते धड दिसत नाही. मग त्यात असं औषध भरावं लागतं की ज्याच्यातून एक्स-रे जाणार नाही. आमच्याकडे सगळे त्याला डाय म्हणतात. मोठ्या आतड्यासाठी तो डाय गुदद्वारातून, मऊ रबरी नळीने सोडतात. वर स्टँडला डबा टांगायचा, नळीचा चाप हळूहळू ढिला करायचा. डाय आतड्यात चढत जातो आणि मॉनिटरवर अंधारात पांढरी वाट उमटत जाते. ती कुठे अरुंद आहे, कुठे अडली आहे, कुठे फुटली आहे ते कळतं.

सविताताईंच्या बाबतीत आम्ही फक्त शेवटची गोष्ट शोधत होतो.

त्या चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग जोडण्याच्या लाइनवर काम करतात. काही महिन्यांपूर्वी सेकंड शिफ्टला, लाइनवर उभ्या असतानाच त्यांचं पोट फुगायला लागलं. मोठ्या आतड्याला पीळ पडला होता. आमच्या सर्जन भोंडवे मॅडमनी तातडीने ऑपरेशन केलं, खराब झालेला भाग काढला आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवली. पण त्या शिवणीवरून लगेच मळ जाऊ लागला तर ती उसवण्याची भीती. म्हणून लहान आतड्याचा एक वेढा पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून ठेवला आणि त्यावर पिशवी लावली. जे काही बाहेर पडायचं ते त्या पिशवीत. खालची शिवण तेवढे दिवस विश्रांती घेते. ती पक्की झाली की वरचा वेढा पुन्हा आत टाकतात आणि पिशवी जाते.

पक्की झाली का, हे बघायला आमची तपासणी. डाय शिवणीच्या आतच राहिला तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. शिवणीबाहेर थेंबभर जरी झिरपला तरी ऑपरेशन रद्द, आणि आणखी तीन महिने पिशवी.

त्या तीन महिन्यांचा अर्थ मला सकाळीच कळला होता. कपडे बदलताना सविताताईंनी आपण होऊन सांगितलं. त्यांची लेक ओवी चार वर्षांची. एकदा ती आईला बिलगून झोपली असताना पिशवी सुटली. तेव्हापासून ओवी बाबांच्या पलीकडे झोपते.

“घाबरते का ती?” मी विचारलं.

“ती कशाला घाबरतीय? मीच झोपवत नाही जवळ. ती रोज विचारते, पिशवी कधी जाणार. मी सांगून बसलेय, दसरा झाला की.”

आणि हा दिवस दसऱ्यानंतरचा पहिलाच कामाचा दिवस होता.

दसऱ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पिंपरी-चिंचवडमध्ये दसऱ्यापेक्षा आदल्या दिवशीची खंडेनवमी मोठी. त्या दिवशी कंपन्यांमध्ये मशीन धुऊन पुसून लख्ख करतात, हार घालतात, आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. मी परांड्याची. वडील पिठाच्या गिरणीत कामाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आणि बारावीनंतर निगडीला काकांकडे आले. काका चिंचवडच्या एका कंपनीत लेथवर होते. पहिल्याच वर्षी खंडेनवमीला ते मला कंपनीत घेऊन गेले. लेथला झेंडूचा हार होता. काकांनी त्यावर हात ठेवून शेजारच्या माणसाला सांगितलं, “ही माझी पुतणी. कॉलेजला आहे.” माझी फी त्या लेथवर निघत होती. आमच्या घरात पदवी घेतलेलं माझ्याआधी कोणी नाही. मी आजही खंडेनवमीला एक्स-रे मशीनला हार घालते, तेव्हा तो लेथ डोळ्यांपुढे असतो.

आमच्या डिपार्टमेंटची पूजा मात्र माझ्या हातात नसते. ती शिंदे मामांच्या हातात. मामा आमचे अटेंडंट. पेशंटला उचलणं, टेबलावर घेणं, डब्यात डाय भरणं, सगळं तेच बघतात. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं भोसरीच्या एका फोर्जिंग कंपनीत गेली. कंपनी बंद पडली, मामा आमच्याकडे आले, आणि येताना कंपनीची खंडेनवमी घेऊन आले. त्यांचा नियम एकच. शॉपमधलं, म्हणजे कामाच्या जागेतलं, एकही हत्यार पूजेतून सुटता कामा नये. मोठ्या मशीनला हार आणि छोट्या पान्याला काही नाही, हे त्यांना पटत नाही. “मशीन बंद पडलं तर पानाच लागतो ना?” असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षीही त्यांनी दुपारभर पूजा केली, नारळ फोडला, आणि मी पेढे वाटून घरी गेले.

तर, सकाळी सविताताई आल्या. बरोबर सासूबाई. पुनावळ्याचं जुनं घराणं, त्यामुळे बोलणं अजून गावाकडचं. सून त्यांना आत्या म्हणते, मी आजी म्हणू लागले.

एक्स-रेच्या आधी अंगावरचा सगळा धातू काढायचा असतो. सविताताईंच्या कमरेला काळा दोरा होता आणि त्यात तांब्याचा ताईत.

“हा काढावा लागेल,” मी म्हटलं.

“न्हाई,” आजी म्हणाल्या. “त्यो ऑपरेशनपासून हाय तिच्या कमरेला.”

“आजी, फोटोत दिसेल तो. पोटात काहीतरी आहे असं वाटेल.”

“मंग डाक्टरला सांगा, ताईत हाय म्हनून.”

शिंदे मामा डायचा डबा टांगत होते. तिथूनच म्हणाले, “काकू, मशीनला श्रद्धा कळत नाही हो. जे समोर येईल ते छापतं.”

“तुमाला लय कळतंय मशीनचं.”

“जन्म गेलाय त्यात.”

शेवटी सविताताईंनीच दोरा सोडून सासूच्या हातात दिला. “आत्या, तुमच्या मनगटाला बांधा. माझ्याऐवजी तुम्ही घालून बसा बाहेर.” आजींनी तो खरोखर मनगटाला बांधला आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

डाय सोडण्याआधी आम्ही एक साधा फोटो घेतो. त्याला स्काउट म्हणतात. आधीपासून पोटात किंवा अंगावर काही पांढरं दिसतंय का ते त्यात कळतं, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. सविताताईंचा स्काउट उताणं झोपवून घेतला. स्वच्छ होता. ऑपरेशनच्या वेळच्या बारीक पिना शिवणीच्या जागी गोल ओळीत दिसत होत्या. त्या दिसायलाच हव्या होत्या. बाकी काही नाही.

मग डाय. मामांनी चाप ढिला केला आणि ते बाहेर गेले. पांढरी वाट वर चढू लागली. शिवणीपाशी आली, पिनांच्या गोलातून सहज पुढे गेली. सर खुर्चीत पुढे सरकले. “छान. आता ऑब्लिक घेऊ.”

ऑब्लिक म्हणजे पेशंटला तिरकं करून घेतलेला फोटो. सरळ फोटोत आतड्याचे वेढे एकमेकांवर येतात, मागचं पुढच्याने झाकलं जातं. थोडं वळवलं की वेढे सुटे होतात. पेशंट त्या स्थितीत स्थिर राहावा म्हणून पाठीमागे पाचरीसारखा फोम लावतो. वरून रेक्झिन, आत स्पंज. एक्स-रेत तो दिसत नाही, म्हणून तर तो वापरायचा. मी आत गेले, सविताताईंची उजवी बाजू उचलून फोम सरकवला, बाहेर आले आणि सरांनी मॉनिटरवर चित्र चालू करायचं पायातलं पेडल दाबलं.

शिवणीच्या बाहेर, अगदी चिकटून, पांढरा ठिपका होता. शेंगदाण्याएवढा.

त्यानंतर सर जे बोलले ते माईकमधून आत गेलं, आणि तिथून आलेला प्रश्न मी सुरुवातीलाच सांगितला.

सरांनी भोंडवे मॅडमना फोन लावला. मॅडम ऑपरेशन थिएटरमध्ये जायच्या घाईत होत्या. स्पीकरवर आवाज आला.

“स्काउटला नव्हता?”

“नव्हता. डाय गेल्यावर आला. शिवणीला लागूनच आहे.”

“मग कसं बंद करणार? उद्याचा स्लॉट मी दुसऱ्या पेशंटला देते. तिला मीच सांगेन संध्याकाळी.”

“अजून शेवटचे फोटो राहिलेत. ते घेतो आणि फायनल कळवतो.”

“कळवा. पण लवकर. खाली एक पेशंट वाट बघतोय त्या स्लॉटची.”

मी आत गेले. सविताताई छताकडे बघत होत्या. “दसऱ्याचं सांगून बसलेय मी,” त्या म्हणाल्या. “आता दिवाळी पण नाही सांगता येणार. तीन महिने म्हणजे संक्रांत.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही कशाला तोंड पाडताय? पिशवी मला आहे.”

मी नळी काढली. त्यांना हाताला धरून टॉयलेटपर्यंत सोडलं.

आता डाय बाहेर टाकल्यानंतरचा फोटो. त्याला महत्त्व असतं. आतड्यातला डाय निघून जातो, पण शिवणीतून बाहेर झिरपलेला तिथेच अडकून राहतो. त्यामुळे लीक असेल तर तो आता जास्त उठून दिसायला हवा. सविताताई परत आल्या, उताण्या झोपल्या. सरांनी पेडल दाबलं.

ठिपका नव्हता.

“सर,” मी म्हटलं.

“सरळ फोटोत झाकला जाऊ शकतो. परत तिरकं कर.”

परत फोम. परत पेडल. ठिपका हजर. तोच, तसाच, शेंगदाण्याएवढा.

आणि तिथे मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. आतड्यात आता अंगाला चिकटलेला जेमतेम डाय उरला होता. वाट फिकट झाली होती. ठिपका मात्र पहिल्याइतकाच पांढराशुभ्र होता. मी मागचा फोटो शेजारी उघडला. तेव्हा आतडं डायने भरलेलं होतं, तरी ठिपका त्याच्यापेक्षाही जास्त पांढरा होता. टाकीत जे पाणी आहे त्यापेक्षा गळणाऱ्या थेंबात जास्त दाट पाणी कुठून येईल?

मी सरांना दोन्ही फोटो दाखवले. टेक्निशियनने रिपोर्टबद्दल बोलायचं नसतं, तो डॉक्टरांचा अधिकार. पण काळे सरांचा स्वभाव वेगळा. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही फोटो नीट पाहिले आणि म्हणाले, “तुझ्या मनात काय आहे?”

“सर, त्यांना थोडं सरकवून बघू का? पेडल चालू असताना?”

“बघू.”

मी माईकमध्ये म्हटलं, “सविताताई, आहात तशाच राहून, फोमवरूनच चार बोटं डोक्याकडे सरका.”

“सरकून काय होणार आहे?”

“मलाही माहीत नाही. सरका तर खरं.”

त्या कोपरावर जोर देऊन वर सरकल्या. मॉनिटरवर हाडं वर गेली, पिनांचा गोल वर गेला, फिकट आतडं वर गेलं. ठिपका जिथे होता तिथेच राहिला. आता तो शिवणीला चिकटलेला नव्हता, चांगला लांब, खाली होता.

सर पेडलवरचा पाय काढून म्हणाले, “हा हिचा नाही.”

शोध सुरू झाला. मी आत जाऊन गाऊन तपासला. बटण नाही, पिन नाही, नाडीला गाठ नाही. मामा आले. काय झालं ते कळताच त्यांनी निकाल देऊन टाकला. “ताईत. काकूंनी दुसरा बांधला असणार. गावाकडची माणसं अशी ऐकत नाहीत.”

“मामा, तिच्या अंगावर काही नाही. मी आत्ता पाहिलं.”

“गादीखाली सरकवला असेल. विचारा तर.”

आजींना आत बोलावलं. त्यांनी मनगट पुढे केलं. काळा दोरा, तांब्याचा ताईत, जागच्या जागी. “ह्यो बगा. येकच हाय. आन् मी गादीखाली कवा आले? बाहीर बसलेय सकाळपून. माझ्या नावानं खापर फोडताय व्हय?”

“तसं नाही काकू, मी फक्त शंका काढली.”

“शंका काडायला तुमालाच ठेवलंय का हितं?”

टेबलावरून सविताताई म्हणाल्या, “आत्या, भांडण नंतर. मला आधी कळू दे, तो ठिपका कोणाचा ते.”

मी मनात एकेक गोष्ट बाजूला काढत होते. पेशंटच्या अंगावर नाही. मशीनमध्ये असता तर सरळ फोटोतही दिसला असता. गादीतही नाही, त्याचंही तेच. सरळ फोटोत नसलेली आणि तिरक्या फोटोत असलेली या खोलीत एकच वस्तू होती, आणि ती एक्स-रेत दिसत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

“सविताताई, दोन मिनिटं उतरून स्टुलावर बसता का?”

त्यांना उतरवलं, एक्स-रे अडवणारा जड लेड अ‍ॅप्रन पांघरून काचेच्या अलीकडे आणलं. आजी आणि मामाही अलीकडे आले. कंट्रोल रूममध्ये एवढी माणसं कधी नसतात. टेबलावर फक्त फोम ठेवला. सरांनी पेडल दाबलं.

काळ्या पडद्यावर, पेशंट नसताना, आतडं नसताना, शेंगदाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका.

“आता ह्यो कुनाचा?” आजींनी विचारलं.

मी फोम आणून उलटा केला. रेक्झिन मरून रंगाचं, त्यामुळे लांबून काही कळत नव्हतं. ट्यूबलाइटखाली धरला तेव्हा दिसलं. तळाच्या बाजूला, रेक्झिनच्या शिवणीच्या घडीत, तेलकट भगव्या रंगाची गोळी घट्ट बसली होती.

मी वर बघितलं. शिंदे मामा फोमकडे बघत नव्हते. भिंतीवरच्या सॉकेटकडे बघत होते.

“मामा?”

“खंडेनवमीचा टिळा,” ते म्हणाले. “सगळ्या हत्यारांना लावला. याला पण.”

“खालून?”

“वरून लावला असता तर पेशंटच्या कपड्यांना लागला असता ना. म्हणून खालून. दसऱ्याला पुसला मी सगळीकडचा. शिवणीत राहिला असेल.”

“कुंकू ना?” सरांनी विचारलं.

“कुंकू नाही साहेब. शेंदूर. कंपनीत हत्याराला शेंदूरच लावायचे. तेलात कालवून.”

सरांनी डोक्याला हात लावला आणि हसायला लागले. मला आधी हसू आलं नाही, कारण मी काय झालं असतं त्याचा विचार करत होते. मग तेही आलं. जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशापासून करतात. आणि एक्स-रे अडवायला आम्ही जे जड अ‍ॅप्रन अंगावर घालतो, त्यातही शिसंच असतं. मामांनी फोमला भक्तिभावाने लावलेला टिळा मशीनच्या दृष्टीने लोखंडाच्या बोल्टसारखाच होता. आणि तो तळाला नेमक्या अशा ठिकाणी होता की सविताताईंच्या शिवणीशेजारी पडावा. मामांचंच वाक्य खरं ठरलं. मशीनला श्रद्धा कळत नाही, जे समोर येईल ते छापतं.

पण काम संपलं नव्हतं. ठिपका खोटा निघाला म्हणून शिवण पक्की आहे असं सिद्ध होत नाही. सरांनी ते लगेच सांगितलं. “परत डाय सोडू. थोडाच. सगळ्या बाजूंनी बघू.” मी फोम बाहेर ठेवला. दोन चादरी घट्ट गुंडाळून त्यांचा लोड केला, तोही आधी मशीनखाली धरून तपासला. सविताताई पुन्हा टेबलावर. नळी पुन्हा. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

पांढरी वाट चढली. सरळ फोटो. डावा ऑब्लिक. उजवा ऑब्लिक. मग पूर्ण कुशीवर. शिवणीची कड सगळीकडून कागदावर पेनाने ओढल्यासारखी स्वच्छ. सर प्रत्येक फोटोपाशी थांबत होते, मोठा करून बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बाहेर टाकल्यानंतरचा फोटो झाला. काहीही मागे राहिलं नव्हतं.

सरांनी या वेळी माईक मुद्दाम चालू केला, आणि मग फोन लावला.

“मॅडम, लीक नाही. शिवण उत्तम आहे.”

“मघाशी होता म्हणालात.”

“तो फोमचा होता.”

“फोमचा?”

“फोमला शेंदूर लावलेला होता. खंडेनवमीचा.”

भोंडवे मॅडम म्हणाल्या, “तुमच्या डिपार्टमेंटला पूजा घालायला भटजी नाही, रेडिओलॉजिस्ट बसवा. तिचा स्लॉट अजून कोणाला दिलेला नाही. संध्याकाळी अ‍ॅडमिट करा.”

मी आत गेले. सविताताई उठून बसल्या होत्या. सगळं ऐकलं होतं, तरी विचारलं, “उद्या?”

“उद्या.”

त्यांनी गाऊनच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “ताई, मला भूक लागलीय.”

बाहेर आल्यावर आजी मामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मामांची मान खाली होती. “चुकलं काकू. तुमच्या ताइताला नाव ठेवलं आणि टिळा माझाच निघाला.”

आजींनी त्यांना पुरतं न्याहाळलं. मग मनगटावरचा दोरा सोडत म्हणाल्या, “देवाचंच केलंत, वंगाळ न्हाई केलंत. पर काय वो, त्या उशीला कशाला टिळा? ती काय हत्यार हाय?”

“आमच्यात सगळंच हत्यार असतं काकू.”

“मंग पुढच्या टायमाला तुमच्याच कपाळाला लावा. तुमी बी हत्यारच हाय हितलं.”

सविताताई भिंतीला टेकून हसत होत्या, एक हात उजव्या बाजूच्या पिशवीवर दाबून धरत. त्या पिशवीला हात लावून कोणी हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

ऑपरेशन नीट झालं. डिस्चार्जच्या दिवशी त्या खाली आम्हाला भेटायला आल्या. मामांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, आणि बसायच्या आधी खुर्ची उलटी करून तळ बघून घेतला. त्यावरून त्यांना आजवर चिडवतात.

पुढच्या खंडेनवमीला दुपारी आमची पूजा चालू होती. दारात कंपनीचा युनिफॉर्म घातलेली बाई उभी, कमरेला पट्टा आवळलेला, हातात पेढ्यांचा बॉक्स. सविताताई. पुन्हा लाइनवर लागल्या होत्या, कंपनीतली पूजा उरकून येताना ओवीला घरून घेऊन आल्या होत्या. ओवी उजव्या कडेवर होती. पाय आईच्या पोटावर आपटत, आमच्या मशीनकडे टकामका बघत.

“हेच का ते मशीन?” तिने विचारलं.

“हेच,” सविताताई म्हणाल्या. “आणि हे ते मामा.”

आमच्याकडे आता पूजेचा नियम ठरलेला आहे. सरांनी घालून दिला आणि मामांनी मोठ्या मनाने मान्य केला. मशीनला हार, नारळ, पेढे, सगळं पूर्वीसारखं. शेंदूर फक्त दाराच्या चौकटीला, कारण तिथे पेशंट झोपत नाही. हत्यारांना फुलं. फोमलाही एक फूल, आणि ते संध्याकाळी उचलायची जबाबदारी मामांचीच.

शिकायला नवीन मुलं येतात, त्यांना मी हा किस्सा सांगते आणि शेवटी एकच गोष्ट लक्षात ठेवायला लावते. फोटोत नको ते दिसलं की आधी पेशंटला थोडं सरकवा. त्याच्याबरोबर सरकलं तर ते त्याचं. जागचं हललं नाही, तर ते आपल्यापैकीच कोणाचं तरी आहे. मग फोन करायच्या आधी खोलीत शोधा.